फटकळ नायिकेचे शेवटचे वाक्य

विल्यम शेक्सपिअरची ‘मच अडू अबाउट नथिंग’ ही सुखात्मिका १५९८ च्या उत्तरार्धात किंवा १५९९ च्या अगदी आरंभी लिहिली गेली असावी, आणि हा काळ इतक्या नेमकेपणाने सांगता येतो याचे श्रेय नाटकातील एका विनोदी पात्राकडे जाते. फ्रान्सिस मीअर्झ याने १५९८ मध्ये समकालीन साहित्याचा जो आढावा प्रसिद्ध केला त्यात शेक्सपिअरच्या बारा नाटकांची नावे आहेत, पण या नावाचे नाटक त्यांत नाही. दुसऱ्या बाजूने, १६०० साली छापलेल्या पहिल्या प्रतीत डॉगबेरी या हवालदाराच्या काही संवादांपुढे पात्राच्या नावाऐवजी ‘केंप’ असे नटाचेच नाव राहून गेले आहे, आणि विल केंप हा लोकप्रिय विनोदी नट १५९९ मध्ये ‘लॉर्ड चेंबरलेन्स मेन’ ही शेक्सपिअरची नाटक मंडळी सोडून गेला होता. ही पहिली प्रत ‘क्वार्टो’ आकाराची होती, म्हणजे छापील तावाला दोन घड्या घालून बांधलेले लहान आणि स्वस्त पुस्तक होते. शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर १६२३ मध्ये त्याची नाटके एकत्र करून जो मोठ्या आकाराचा संग्रह निघाला, त्याला ‘पहिला फोलिओ’ म्हणतात. या दोन छापील प्रतींत एका वाक्यापुढे कोणाचे नाव आहे, हा प्रश्न या नाटकाच्या नायिकेच्या इतिहासात पुढे महत्त्वाचा ठरला.

नाटक सिसिली बेटावरील मेसिना शहरात घडते. तेथील गव्हर्नर लिओनाटो याच्या घरी अरागॉनचा राजपुत्र डॉन पेद्रो युद्ध जिंकून आपल्या सरदारांसह मुक्कामाला येतो, त्यांपैकी क्लॉडिओ हा तरुण लिओनाटोची मुलगी हीरो हिच्या प्रेमात पडतो, आणि राजपुत्राचा अनौरस भाऊ डॉन जॉन केवळ आकसापोटी असा बनाव रचतो की विवाहाच्या आदल्या रात्री हीरोच्या खिडकीत परका पुरुष असल्याचे क्लॉडिओला दिसावे. खिडकीत प्रत्यक्षात असते हीरोची दासी. पण क्लॉडिओ शहानिशा न करता दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये, भरल्या मंडळींसमोर, वधूला कलंकिनी ठरवून टाकून देतो. हे कथानक शेक्सपिअरचे स्वतःचे नाही. मात्तेओ बांदेल्लोच्या १५५४ मधील इटालियन कथांत ते आहे, आरिओस्तोच्या ‘ऑर्लांडो फ्युरिओसो’ या महाकाव्यातही त्याचे एक रूप आहे, आणि त्या काव्याचे जॉन हॅरिंग्टनने केलेले इंग्रजी भाषांतर १५९१ मध्ये निघाले होते. लिओनाटोची पुतणी बिॲट्रिस आणि पादुआचा सरदार बेनेडिक ही जोडी मात्र शेक्सपिअरने या कथेत आपल्या पदरची घातली. तिच्यासाठी तयार कथा नव्हती, फार तर एक वळण होते: बाल्दासारे कास्तिल्योने याच्या १५२८ सालच्या, दरबारी माणसाने कसे असावे याची चर्चा करणाऱ्या संवादग्रंथात एमिलिया पिया ही विदुषी स्त्रीनिंदा करणाऱ्या गास्पारे पाल्लाविचिनो या तरुणाला ज्या तयारीने उत्तरे देते, त्या उत्तरांची सावली बिॲट्रिसच्या बोलण्यावर अभ्यासकांना दिसते.

बिॲट्रिसचे पहिलेच बोलणे एका निरोप्याला विचारलेला प्रश्न आहे, आणि तो बेनेडिक जिवंत परतला का, एवढाच आहे. परंतु ती त्याचे नाव न घेता त्याला तलवारबाजीच्या परिभाषेतील एक टोपणनाव देते, आणि लगेच त्याने युद्धात किती माणसे मारली अशी चौकशी करते, कारण त्याने मारलेली सगळी माणसे आपण खाऊन दाखवू असे वचन तिने दिलेले असते. या थट्टेखाली जुनी जखम आहे. बेनेडिकने एकदा आपले मन तिला उसने दिले होते आणि खोट्या फाशांनी ते परत जिंकून नेले, असे ती दुसऱ्या अंकात जाता जाता बोलून जाते. त्याच प्रवेशात डॉन पेद्रो अर्धवट थट्टेत, अर्धवट खरेपणाने, तिला मागणी घालतो, तेव्हा ती हसत हसत सांगते की रोजच्या वापरासाठी दुसरा एखादा नवरा असेल तरच हे जमेल, कारण महाराज फार किमती आहेत. राजपुत्राला नकार देऊन त्याचा अपमान होऊ न देणे हे तिच्या बुद्धीचे खरे माप आहे, आणि तिला केवळ तोंडाळ समजणाऱ्या टीकाकारांनी या प्रवेशाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

नाटकाचा बहुतांश भाग गद्यात आहे आणि बिॲट्रिसचे राज्य गद्यावरच चालते. मित्रमंडळी कट करून या दोघांना एकमेकांच्या प्रेमाची ‘चोरून’ वार्ता ऐकवतात, तेव्हा बेनेडिक प्रेक्षकांसमोर लांबलचक गद्य युक्तिवाद करून स्वतःची समजूत घालतो. बिॲट्रिस मात्र आपल्या गर्वावर हीरोने केलेली टीका ऐकून यमकबद्ध अशा अवघ्या दहा ओळी बोलते आणि निघून जाते. जी सर्वांना उत्तरे देते तिने इथे कोणालाही उत्तर दिलेले नाही. तिचे दुसरे वैशिष्ट्य चर्चच्या प्रवेशात दिसते. हीरोवर आळ आल्यावर बेनेडिक तिला विचारतो की काल रात्री तू हीरोच्या शेजारी निजली होतीस का, आणि ती सांगते की वर्षभर निजत होते, पण कालची रात्र नाही. एवढे खोटे बोलली असती तर बहीण कदाचित तिथेच सुटली असती. परंतु ज्या जिभेची सगळ्या मेसिनाला धास्ती आहे ती खोटे बोलत नाही. नंतर चर्च रिकामे होते, दोघेच उरतात, रडणाऱ्या बिॲट्रिसपुढे बेनेडिक प्रेमाची कबुली देतो, तीही देते, आणि तुझ्यासाठी काय करू असे त्याने विचारताच ती अगदी थोडक्या शब्दांत क्लॉडिओचा जीव मागते. सुखात्मिकेत प्रेयसीने प्रियकराकडे त्याच्याच जिवलग मित्राचा खून मागावा, हे त्या काळी आणि नंतरही प्रेक्षकांना हादरवणारे ठरले. बेनेडिक कचरतो तेव्हा ती जे बोलते त्यात स्वतः पुरुष नसल्याचा संताप आहे, आणि शब्दशूर पुरुषांविषयीचा तिरस्कारही आहे.

ही नायिका ज्या समाजापुढे उभी राहिली त्या समाजात आचारविषयक पुस्तके आणि चर्चमधील प्रवचने स्त्रीसाठी शील, मौन आणि आज्ञाधारकपणा हे तीन गुण एकत्रच सांगत, आणि गावात भांडणे लावणाऱ्या कजाग बाईला खुर्चीला बांधून पाण्यात बुचकळण्याची शिक्षाही कायद्याला मान्य होती. शेक्सपिअरने स्वतःच काही वर्षांपूर्वी अशा कजाग स्त्रीला नवरा कसा ताळ्यावर आणतो याचे नाटक लिहिले होते. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांच्या ‘त्राटिका’ या रूपांतरामुळे ते मराठी प्रेक्षकांच्या चांगले परिचयाचे झाले. बिॲट्रिसला मात्र कोणी ताळ्यावर आणत नाही, आणि नाटकातील वडीलधारे तिच्या बोलण्यावर रागावण्यापेक्षा हसतातच अधिक. त्या वेळी देशाच्या गादीवर पासष्ट वर्षांची अविवाहित, बहुभाषी आणि तितकीच तिखट बोलणारी पहिली एलिझाबेथ राणी होती, ही गोष्ट नाटककाराच्या डोळ्यांसमोर नसेल असे समजणे कठीण आहे.

इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर तेव्हा स्त्रिया नव्हत्या. स्त्रीपार्ट करीत ती मंडळीतील प्रौढ नटांकडे उमेदवारी करणारी मुले. भाऊराव कोल्हटकर किंवा बालगंधर्व यांनी प्रौढ वयातही ज्या भूमिका केल्या, त्या लंडनमध्ये साधारण बारा-तेरा ते विशीच्या आसपासच्या मुलांकडे जात. याच सुमारास शेक्सपिअरने पोर्शिया, बिॲट्रिस आणि रोझलिंड या तीन बोलक्या नायिका ओळीने लिहिल्या, यावरून मंडळीत तेव्हा असामान्य तयारीची मुले होती असा तर्क करता येतो. प्रत्येक नटाला पूर्ण नाटक न देता फक्त त्याची वाक्ये आणि त्याआधीच्या वाक्याचे शेवटचे दोन-चार शब्द उतरवून देत. मराठी नाटक मंडळ्यांत अशा उताऱ्याला ‘नक्कल’ म्हणत. समोरच्याचे शेवटचे शब्द कानावर पडताच त्यांनाच धरून उलटून मारायचे, ही बिॲट्रिस-बेनेडिकच्या संवादांची घडण या पद्धतीला विलक्षण सोयीची होती.

नाटकाच्या नावात ही जोडी नाही, पण प्रेक्षकांनी तिला लवकरच नाटकाची मालकी देऊन टाकली. १६१२-१३ च्या हिवाळ्यात राजकन्या एलिझाबेथ आणि पॅलटिनेटचा फ्रेडरिक यांच्या विवाहानिमित्त दरबारात नाटके झाली, त्यांच्या देण्याच्या हिशेबात हे नाटक मूळ नावाने एकदा आहे, आणि शिवाय ‘बेनेडिक आणि बिॲट्रिस’ अशा अर्थाच्या नावाचीही एक नोंद आहे. पुढे पहिल्या चार्ल्स राजाने आपल्या १६३२ च्या फोलिओच्या प्रतीत या नाटकाच्या नावाशेजारी स्वतःच्या हाताने याच दोघांची नावे लिहून ठेवली. लेनर्ड डिग्ज याच्या १६४० मध्ये छापलेल्या स्तुतिकाव्यात असा दाखला आहे की बेन जॉन्सनची विद्वत्तापूर्ण नाटके खर्च भागेल इतकाही गल्ला जमवीत नाहीत, पण बिॲट्रिस आणि बेनेडिक दिसणार म्हटले की क्षणात सगळे नाटकगृह भरते. हीरो आणि क्लॉडिओ यांचा या कोणत्याही उल्लेखात पत्ता नाही.

१६४२ मध्ये यादवी युद्धाच्या तोंडावर पार्लमेंटने नाटकगृहे बंद केली आणि ती १६६० मध्ये राजसत्ता परत आल्यावर उघडली. त्या वर्षाअखेर व्यावसायिक स्त्री-नटी रंगभूमीवर आली, आणि १६६२ च्या राजाज्ञेने स्त्रीभूमिका स्त्रियांनीच कराव्यात हे ठरून गेले. बिॲट्रिसला त्याचा लाभ व्हावा असे वाटते, पण घडले भलतेच. विल्यम डॅव्हनंट याने १६६२ मध्ये ‘द लॉ अगेन्स्ट लव्हर्स’ या नावाने जे नाटक रंगवले, त्यात शेक्सपिअरच्या ‘मेझर फॉर मेझर’ या गंभीर नाटकात बिॲट्रिस आणि बेनेडिक यांना उचलून बसवले होते. हीरो गेली, तिच्यावरचा आळ गेला, आणि त्याबरोबर बिॲट्रिसला संतापण्याचे कारणही गेले. उरली ती चतुर बोलणारी एक श्रीमंत वारसदार. सॅम्युएल पेपिस याने १८ फेब्रुवारी १६६२ रोजी हा प्रयोग पाहिला आणि आपल्या दैनंदिनीत विशेष कौतुक केले ते बिॲट्रिसच्या धाकट्या बहिणीच्या नव्या भूमिकेत नाचणाऱ्या आणि गाणाऱ्या लहान मुलीचे. मूळ नाटक लंडनमध्ये पुन्हा दिसायला १७२१ साल उजाडावे लागले.

दरम्यान नायिकेचे भवितव्य नाटकगृहाबाहेर, संपादकाच्या टेबलावरही ठरत होते. लुइस थिओबॉल्ड याची शेक्सपिअरची आवृत्ती १७३३ मध्ये निघाली. जुन्या प्रती ताडून पाठ ठरवणारा हा कष्टाळू संपादक, आणि त्याने या नाटकात दोन बदल केले. पहिला बदल असा की जुन्या प्रतींत रंगसूचनांमध्ये लिओनाटोची पत्नी इनोजेन हिचा प्रवेश दोनदा नोंदलेला आहे, परंतु तिला सबंध नाटकात एकही वाक्य नाही. थिओबॉल्डने ही मुकी आई काढून टाकली, आणि नंतरच्या बहुतेक संपादकांनी त्याचेच अनुकरण केले. मुलीवर भर चर्चमध्ये आळ येत असताना आईने अवाक्षर काढू नये हे शक्यच नाही, तेव्हा शेक्सपिअरने लिहिता लिहिता हे पात्र सोडून दिले असावे. ही शक्यता पटण्यासारखी आहे, आणि आईची जागा रिकामी राहिल्यामुळेच हीरोसाठी बोलण्याचे काम बिॲट्रिसकडे आले, असेही म्हणता येते. दुसरा बदल अधिक दूरगामी होता. शेवटच्या प्रवेशात दोघांच्या चोरून लिहिलेल्या प्रेमकविता उघड होतात, तरीही बिॲट्रिस हार मानत नाही आणि केवळ लोकांच्या आग्रहाखातर, शिवाय तुझा जीव वाचावा म्हणून मी होकार देते, असे सुनावते. त्यावर कोणीतरी तिला गप्प राहायला सांगून तिचे तोंड बंद करण्याची भाषा करते. क्वार्टो आणि फोलिओ या दोन्ही प्रतींत हे वाक्य लिओनाटोचे, म्हणजे काकाचे आहे. थिओबॉल्डने ते बेनेडिकला दिले आणि सोबत चुंबनाची सूचना लिहिली.

या दुरुस्तीच्या बाजूने बरेच सांगण्यासारखे आहे, कारण दुसऱ्या अंकात खुद्द बिॲट्रिसनेच हीरोला सल्ला दिलेला असतो की शब्द सुचत नसतील तर चुंबनाने क्लॉडिओचे तोंड बंद कर, आणि तोच चेंडू इथे तिच्याकडे परत येतो. मात्र त्या एका नावाच्या बदलाने प्रसंगाचा अर्थ पालटतो. काका बोलत असेल तर घरातला कर्ता पुरुष दोघांना एकमेकांकडे ढकलतो आणि वादावर पडदा टाकतो. बेनेडिक बोलत असेल तर भावी नवरा बायकोच्या तोंडावर कुलूप घालतो, मग ते कितीही गोड असो. दोन्ही पाठांत एक गोष्ट सारखीच राहते: यानंतर बिॲट्रिसला नाटकात एकही वाक्य नाही, आणि बेनेडिक पडदा पडेपर्यंत बोलत राहतो. हे मौन संपादकाने आणलेले नाही, ते नाटककाराचेच आहे. थिओबॉल्डने एवढेच केले की त्या मौनाला एक मालक मिळवून दिला, आणि पुढच्या दोन शतकांच्या रंगभूमीला ते इतके सोयीचे वाटले की मूळ पाठ फक्त टीपांत उरला. अलीकडच्या काही संपादकांनी वाक्य लिओनाटोकडे परत दिले आहे. नट मात्र चुंबन सोडायला सहसा तयार नसतात.

१४ नोव्हेंबर १७४८ रोजी डेव्हिड गॅरिकने ड्रुरी लेन नाटकगृहात प्रथम बेनेडिक केला आणि त्याच्यासमोर हॅना प्रिचर्ड बिॲट्रिस म्हणून उभी राहिली. गॅरिक तेव्हा या नाटकगृहाचा चालक आणि लंडनचा पहिल्या क्रमांकाचा नट होता, तर प्रिचर्ड सदतीस वर्षांची होती आणि सौंदर्यासाठी तिची ख्याती नव्हती. तिचे भांडवल होते स्वच्छ शब्दोच्चार आणि अचूक वेळ. समकालीन जाणकारांनी लिहून ठेवले आहे की या दोघांचा प्रत्येक प्रवेश म्हणजे वर्चस्वाची झुंज असे आणि जिंकले कोण हे प्रेक्षकांना ठरवता येत नसे. कोशकार डॉक्टर जॉन्सनने पुढे तिच्या अडाणीपणाची टर उडवली, आणि तिने ‘मॅकबेथ’ नाटक आपल्या नक्कलेपलीकडे कधी वाचलेच नाही असे तो म्हणाला. ते खरे असले तरी संवादाच्या आधारावर चाललेल्या भूमिकेत तिला त्याने काही कमी पडले असे दिसत नाही. १७४९ च्या जूनमध्ये गॅरिकने इव्हा मारिया व्हायगेल या व्हिएन्नाच्या नर्तकीशी लग्न केले आणि नव्या हंगामात पुनरागमनासाठी मुद्दाम बेनेडिकच निवडला, तेव्हा लग्नाची शपथपूर्वक निंदा करून शेवटी नवरा होणाऱ्या या पात्राच्या प्रत्येक वाक्याला प्रेक्षकांनी नटाच्या खाजगी आयुष्याचा अर्थ जोडून मनमुराद हसून घेतले. प्रिचर्ड १७६८ मध्ये निवृत्त झाली. गॅरिकने ही भूमिका आपल्या निवृत्तीच्या वर्षापर्यंत, म्हणजे १७७६ पर्यंत ठेवली.

येथे एक मराठी धागा नोंद करण्याजोगा आहे. गॅरिकच्याच वर्तुळातील नाटककार आणि पुढे त्याचा चरित्रकार झालेला आर्थर मर्फी याचे ‘ऑल इन द राँग’ हे नाटक १७६१ मध्ये ड्रुरी लेनला झाले, आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी आधी गद्य ‘फाल्गुनराव’ आणि मग १९१६ मधील ‘संगीत संशयकल्लोळ’ सिद्ध केले. मर्फीच्या मागे मोलिएरही आहे. पण संशयी प्रियकराला न घाबरता तोंडावर जाब विचारणारी त्यातील रेवती मराठीत आली ती गॅरिक-प्रिचर्ड यांनी तयार केलेल्या प्रेक्षकासाठी लिहिलेल्या नाटकावरून.

एकोणिसाव्या शतकात बिॲट्रिसला सभ्य करण्याचा उद्योग सुरू झाला. तिचे द्व्यर्थी विनोद रंगप्रतींतून गळले आणि वाद रंगला तो ती चांगली स्त्री आहे की नाही यावर. ॲना जेमिसन या लेखिकेने १८३२ मध्ये शेक्सपिअरच्या नायिकांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून बिॲट्रिसला बुद्धिप्रधान नायिकांत बसवले; थॉमस कॅम्पबेल या कवीने १८३८ च्या आवृत्तीत ती किळसवाणी बाई असल्याचा निकाल दिला. नाटकगृहात या वादाचे उत्तर हेलन फॉसिट हिने दिले. १८३६ मध्ये चार्ल्स केंबल या ज्येष्ठ नटाच्या निरोपाच्या प्रयोगात तिने प्रथम बिॲट्रिस केली, आणि चार दशकांनी, २३ एप्रिल १८७९ रोजी, स्ट्रॅटफर्डमधील शेक्सपिअर स्मारक नाटकगृहाच्या उद्घाटनाला निवृत्तीतून बाहेर येऊन तीच भूमिका केली. तिची बिॲट्रिस आनंदी, मोठ्या मनाची, खानदानी स्त्री होती आणि तिच्या थट्टेत विष नव्हते. १८८५ मध्ये जॉन रस्किनला उद्देशून लिहिलेल्या निबंधात तिने हे सविस्तर मांडले आहे. मन जिंकणारी व्याख्या आहे खरी, पण अशा स्त्रीने क्लॉडिओचा जीव का मागावा हे तिच्यातून नीट उलगडत नाही.

ते काम एलेन टेरी हिच्याकडे आले, आणि तिचे हात बांधलेले होते. हेन्री अर्व्हिंग या नटाने लंडनच्या लायसियम नाटकगृहात ११ ऑक्टोबर १८८२ रोजी हे नाटक आणले आणि पहिल्याच फेरीत त्याचे २१२ प्रयोग झाले. विल्यम टेलबिनने रंगवलेल्या मेसिनाच्या चर्चचा देखावा इतका गाजला की क्लॉडिओची भूमिका करणारा जॉन्स्टन फोर्ब्स-रॉबर्टसन, जो चित्रकारही होता, त्याने त्या प्रवेशाचे मोठे तैलचित्र केले. टेरी पस्तीस वर्षांची होती. तिची चाल, तिचे हसू आणि वाक्य संपताच पुढचे वाक्य उडवण्याची तिची हातोटी यांची वर्णने त्या पिढीच्या आठवणींत जागोजाग सापडतात. परंतु तिने आपल्या १९०८ च्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिले आहे की अर्व्हिंगचा बेनेडिक संथ असल्यामुळे तिला हव्या त्या वेगाने बिॲट्रिस कधीच करता आली नाही. याहून बोलकी हकीकत चर्च प्रवेशाच्या शेवटाची आहे. जुन्या नटांनी त्या प्रवेशाला पदरची दोन वाक्ये जोडली होती, ज्यांत बिॲट्रिस जमले तर त्याला मार म्हणून बेनेडिकला पुन्हा बजावते आणि तो टाळीचे उत्तर देऊन निघतो. टेरीने ही भर नको म्हणून विरोध केला, अर्व्हिंगने परंपरेचा आग्रह धरला, आणि शेवटी तिला ती निषेधासह बोलावी लागली. शेक्सपिअरच्या शब्दांत जी मागणी अंगावर काटा आणते, ती जोडवाक्यांनी सुखात्मिकेच्या नेहमीच्या उत्साहात विरून गेली. लंडनच्या सर्वांत प्रिय बिॲट्रिसलाही आपल्या वाक्यांवर शेवटचा हक्क नव्हता.

याच प्रयोगाच्या काळात लुइस कॅरोल, म्हणजे ऑक्सफर्डचा गणिताचा अध्यापक चार्ल्स डॉजसन, याने टेरीला पत्र लिहून नाटकातील तर्कदोष दाखवले: नेमक्या त्याच रात्री बिॲट्रिस हीरोपासून वेगळी का निजली, आणि हीरोने आपण कुठे होतो हे साक्षीपुराव्याने सिद्ध का केले नाही. प्रश्न गणितज्ञाला शोभणारे आहेत. त्यांचे उत्तर तर्कात मिळत नाही, मेसिनाच्या त्या चर्चमध्ये पुरावा मागायला कोणी पुरुष तयारच नव्हता या वस्तुस्थितीत मिळते, आणि बिॲट्रिसचा राग नेमका त्यावरच आहे. टेरीने १९०३ मध्ये इंपीरियल नाटकगृहात मुलगा एडवर्ड गॉर्डन क्रेग याच्या नेपथ्यासह हे नाटक स्वतःच्या जबाबदारीवर पुन्हा केले. उतारवयात ती शेक्सपिअरच्या नायिकांवर व्याख्याने देत देशोदेशी फिरली, तेव्हा बिॲट्रिसला तिने विजयिनींच्या गटात ठेवले, आणि निर्भय, बुद्धिमान स्त्रिया रंगवल्याबद्दल स्त्रीवर्ग या नाटककाराचा ऋणी आहे असे सांगितले. इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ तेव्हा ऐन भरात होती, हे श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

विसाव्या शतकातील नटींची यादी मोठी आहे. १९५० मध्ये जॉन गिलगुडच्या दिग्दर्शनात पेगी ॲशक्रॉफ्ट, १९६५ मध्ये फ्रँको झेफिरेल्लीच्या नॅशनल थिएटरमधील प्रयोगात मॅगी स्मिथ, आणि १९९३ च्या केनेथ ब्रानाच्या चित्रपटात एमा थॉम्पसन, यांनी ही भूमिका आपापल्या परीने घडवली. या सर्वांत १९७६ चा रॉयल शेक्सपिअर कंपनीचा प्रयोग भारतीय वाचकाच्या दृष्टीने वेगळा ठरतो. दिग्दर्शक जॉन बार्टन यांनी नाटक ब्रिटिश अमदानीतील भारतातील लष्करी छावणीत नेऊन ठेवले: कंटाळलेले अधिकारी, पुरुषांची पलटणी दोस्ती, आणि त्यांत लग्नाचे वय उलटत चाललेली, जुना घाव झाकण्यासाठी विनोद करणारी ज्युडी डेंच यांची बिॲट्रिस. समोर डोनल्ड सिंडन यांचा बेनेडिक होता. ज्या समाजात बाईच्या अब्रूपेक्षा पलटणीतल्या मित्राचा शब्द वजनदार असतो, तो समाज या चौकटीत फारसे न सांगता उभा राहिला, आणि डेंच यांची मागणी त्या पुरुषी जगाविरुद्धचा उद्रेक म्हणून ऐकू आली.

पण त्याच चौकटीत डॉगबेरी हा शब्दांची मोडतोड करणारा हवालदार पगडीधारी भारतीय झाला, आणि गोऱ्या नटाने त्याची इंग्रजी हास्यास्पद करून दाखवली, याला काही समीक्षकांनी तेव्हाच आक्षेप घेतला. मूळ नाटकात डॉगबेरीचा विनोद बिॲट्रिसच्या विनोदाची उलटी बाजू आहे: ती प्रत्येक शब्द नेमका वापरते आणि तिचे कोणी ऐकत नाही, त्याचा प्रत्येक शब्द चुकतो आणि तरी डॉन जॉनचा कट त्याच्याच शिपायांच्या हाती लागतो. बार्टन यांच्या प्रयोगात इंग्रज बाईच्या वाक्चातुर्याला सहानुभूती मिळाली आणि देशी शिपायाच्या बोलण्याला फक्त हशा.

२०१२ मध्ये त्याच कंपनीसाठी इक्बाल खान यांनी मेसिना आजच्या दिल्लीत आणले, आणि भूमिका दक्षिण आशियाई वंशाच्या ब्रिटिश नटांनी केल्या. बिॲट्रिस होत्या मीरा स्याल आणि बेनेडिक पॉल भट्टाचारजी. सगळीच पात्रे एका देशाची झाल्यामुळे डॉगबेरीच्या चुकांना वंशाचा वास उरला नाही. मेजवान्या, पाहुणे, नोकरचाकर आणि एकत्र कुटुंब यांच्या त्या गोतावळ्यात काका पुतणीला नवरा शोधण्याचा उपदेश करतो, तेव्हा तो चारशे वर्षांपूर्वीच्या रीतीचा नमुना वाटण्याचे कारण नव्हते, आणि तो उपदेश ऐकून घेणाऱ्या बिॲट्रिसने, म्हणजे मीरा स्याल यांनी, तेव्हा पन्नाशी ओलांडली होती.